प्रेसवर बोट गेले, आणि ठेकेदार म्हणतो "स्टॅम्पपेपरवर सही करा": उपचार आणि भरपाईसाठी नेमके कुठे जावे?

चाकणकर (४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.१२)

नमस्कार. माझा आतेभाऊ, वय ३०, चाकण परिसरातील एका लहान प्रेस शॉपमध्ये ठेकेदारामार्फत कामाला आहे. पगार अठरा हजार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) डाय म्हणजे साचा बसवताना त्याच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली आणि वरची दोन पेरे गेली. सुपरवायझरने त्याला रिक्षात घालून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. तिथे "घरी लोखंडी दारात बोट सापडले" असे सुपरवायझरनेच सांगितले आणि केसपेपरवर तेच लिहिले गेले. भाऊ तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

रुग्णालयाचे बिल ठेकेदाराने भरले. आता त्याचे म्हणणे असे आहे की चाळीस हजार रुपये रोख घ्यावेत, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "माझी कोणतीही तक्रार नाही" असे लिहून द्यावे, आणि जखम बरी होईपर्यंत हजेरी लावून पगार चालू ठेवू. पगारपट्टीवर ई.एस.आय.ची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसते, पण भावाला कार्ड कधी मिळालेले नाही. घरचे म्हणतात, मिळते आहे ते घ्या, कोर्टकचेरी आपल्याला झेपणार नाही. सही करावी का? न केल्यास आधी कुठे जावे? जखमेची एक कडा काळी पडली आहे, तिचीही काळजी वाटते.

खडूस (४ सप्टेंबर, ९.२०)

सही करू नका. बाकीचे सविस्तर लिहितीलच.

अस्थिवैद्य (४ सप्टेंबर, १०.०५)

आधी जखमेचे पाहू. काळी पडलेली कडा म्हणजे तिथल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता आहे. दुर्गंधी, वाढती सूज, ताप किंवा मनगटाकडे सरकणारी लाली यांपैकी काही दिसत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले होते का, ते कागदांत तपासा. बोटाच्या उरलेल्या टोकाशी मज्जातंतूची गाठ होऊन पुढे कित्येक महिने विजेसारखी कळ येऊ शकते, आणि शेजारची बोटे वापराविना आखडतात. त्यामुळे टाके निघाल्यावर हाताचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेणे अत्यंत आवश्यक आहे. गरीब रुग्ण नेमके तिथेच थांबतात, आणि पुढे जे कायमचे अपंगत्व म्हणून मोजले जाते त्यातले काही टाळता आले असते असे आम्हाला दिसत राहते.

आता केसपेपर. रुग्णाने सांगितलेली हकिकत हा वैद्यकीय नोंदीचा भाग असतो, आणि दाव्यात सर्वांत आधी तीच वाचली जाते. जुनी नोंद खोडता येत नाही व खोडूही नये. मात्र रुग्णाने स्वतः जाऊन, "त्या वेळी हकिकत दुसऱ्याने सांगितली होती, प्रत्यक्षात इजा प्रेसवर झाली", असे लेखी दिले, तर डॉक्टर आजच्या तारखेने पुरवणी नोंद करू शकतात. अर्जाची पोच घ्यावी. चिरडलेले बोट आणि दारात सापडलेले बोट यांत फरक असतो, आणि एक्स-रे पाहणाऱ्याला तो बऱ्याचदा कळतो. म्हणून एक्स-रेच्या मूळ फिल्म कोणाच्याही हाती देऊ नका.

इतर वाचकांसाठी एक सूचना: बोट तुटून वेगळे झाल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करावे, आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात टाकल्यास पेशी मरतात आणि जोडणी अशक्य होते.

निवृत्त_विमाकर्मी (५ सप्टेंबर, सकाळी ७.४०)

मी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

पगार एकवीस हजारांच्या आत असल्याने आपला भाऊ १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली येतो, अर्थात तिथे दहा किंवा अधिक माणसे काम करत असली पाहिजेत. ठेकेदारामार्फत असला तरी फरक पडत नाही, कारण वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच असते आणि तो ती ठेकेदाराकडून वसूल करून घेतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असे सध्याचे दर आहेत. पगारपट्टीवर कपात दिसते म्हणता, तर ती पट्टी हा आपला पहिला पुरावा आहे.

आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरील इजेसाठी तशी अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. काम करता येत नाही तोवर सरासरी रोजच्या पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणून मिळते. अठरा हजारांवर ती रोज ५४० रुपयांच्या आसपास येईल. त्यासाठी विमा दवाखान्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पहिले प्रमाणपत्र, मधली प्रमाणपत्रे आणि शेवटचे फिटनेस प्रमाणपत्र लागते. सलग प्रमाणपत्रे घेत राहा. मध्ये खंड पडला की त्या दिवसांचे पैसे अडकतात.

मालकाने अपघात नोंदवहीत नोंद करून फॉर्म १२ मध्ये शाखा कार्यालयाला अपघात कळवायचा असतो. तो कळवत नसेल तर भावाने स्वतः साध्या कागदावर तारीख, वेळ, यंत्र, पाळी आणि सोबतच्या कामगारांची नावे लिहून एक प्रत मालकाला व एक शाखा कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवावी.

आणि हजेरी लावून पगार देण्याची ही जी दयाळू योजना आहे, ती नीट समजून घ्या. ज्या दिवसाचा पगार मिळाला त्या दिवसाचा अपंगत्व लाभ मिळत नाही, हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे: हजेरीपटावर माणूस हजर असेल, तर अपघात झालाच नाही असे कागद बोलतात. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर कारखाने कायद्यानुसार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावे लागते. तेही त्या हजेरीमुळे टळते.

लघुउद्योजक_भोसरी (५ सप्टेंबर, ११.३०)

दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. माझ्याकडे चौदा माणसे आहेत आणि सर्वांची वर्गणी मी वेळेवर भरतो. पण विमा दवाखान्यात औषध नसते, मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञाची तारीख लांबची मिळते, आणि रक्त वाहत असलेल्या माणसाला घेऊन मी चिंचवडच्या मोहननगरमधील विमा रुग्णालयापर्यंत जावे की समोरच्या खाजगी रुग्णालयात, हा प्रश्न रात्री दोन वाजता मालकालाच सोडवायचा असतो. कित्येक कामगार स्वतःच सांगतात की कपात नको, हातात पूर्ण पगार द्या. शिवाय दोन्ही हात गुंतल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून दोन्ही हातांची बटणे बसवली तर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवून दुसऱ्या हाताने माल सरकवणारे कामगार मी पाहिले आहेत. चूक त्यांची असली तरी भुर्दंड आम्हालाच बसतो.

वकील_करवीर (५ सप्टेंबर, दुपारी १.१५)

लघुउद्योजक यांची रुग्णालयांविषयीची तक्रार रास्त आहे. मात्र तातडीच्या प्रसंगी जवळच्या खाजगी रुग्णालयात नेण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि महामंडळ अशा खर्चाची सरकारी दरांनुसार परतफेड करते. अडचण रुग्णालय निवडण्यात नव्हती, तिथे खोटी हकिकत सांगण्यात होती.

चुकीविषयी. विमा कायद्यात कामगाराचा निष्काळजीपणा हा प्रश्नच मुळात विचारला जात नाही. कामाच्या ओघात इजा झाली की ती कामामुळेच झाली असे, विरुद्ध पुरावा नसेल तर, गृहीत धरले जाते. मनाई मोडून केलेले काम मालकाच्या धंद्यासाठीच केलेले असेल, तरीही संरक्षण राहते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात, म्हणजे मालकाकडून थेट भरपाई मिळवून देणाऱ्या कायद्यात, मात्र नशा, सुरक्षा नियमाचे हेतुपुरस्सर उल्लंघन किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढणे हा मालकाचा बचाव असतो. तोही मृत्यू किंवा संपूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास चालत नाही. आणि बटणाला चिकटपट्टी लावल्याशिवाय तासाचे उत्पादन पूर्ण होत नसेल, तर ती चिकटपट्टी कोणाच्या इच्छेने लागली, हे साक्षीत विचारता येते.

लघुउद्योजक_भोसरी (५ सप्टेंबर, १.४०)

उत्पादनाचे लक्ष्य मी ठरवत नाही, मला माल देणारी मोठी कंपनी ठरवते. तिला कोणी साक्षीला बोलावत नाही.

खडूस (५ सप्टेंबर, १.४४)

हे वाक्य मात्र खरे आहे, आणि त्याला उत्तर कोणत्याही फॉर्ममध्ये नाही.

रानवारा (५ सप्टेंबर, सायंकाळी ६.०२)

मला एक शंका आहे. भावाकडे कार्डच नाही, म्हणजे त्याची नोंदणी झालेली नसावी. मग विमा कायदा सोडून थेट १९२३ च्या कायद्याने कामगार न्यायालयात जाणे अधिक फायद्याचे नाही का? एकरकमी पैसे मिळतील.

वकील_करवीर (५ सप्टेंबर, ७.३०)

हा गैरसमज फार पसरलेला आहे. ज्याच्याबाबत वर्गणी "देय आहे किंवा होती" तो विमाधारक, अशी व्याख्या आहे. वर्गणी प्रत्यक्ष भरली की नाही, यावर हक्क अवलंबून नाही. भारागथ इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. अशा कामगाराला महामंडळ लाभ देते आणि कसूर करणाऱ्या मालकाकडून वसूल करते. याची दुसरी बाजू अशी की विमाधारकाला त्याच इजेसाठी १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, कलम ५३ आड येते. दोन्हींकडे हात पसरणाऱ्यांचे दावे तिथेच फेटाळले जातात.

तरीही तुलनेसाठी आकडे मांडतो, म्हणजे चाळीस हजारांची किंमत कळेल. तर्जनीची दोन पेरे गेल्यास दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टांत कमाईच्या क्षमतेची घट ११ टक्के धरली आहे. संपूर्ण तर्जनी गेली तर १४, आणि अंगठा गेला तर ३०.

विमा कायदा लागू नसता, तर १९२३ च्या कायद्यानुसार पगार पंधरा हजारांपर्यंतच हिशेबात धरला असता, कारण जानेवारी २०२० पासून ती मर्यादा आहे. त्याचे ६० टक्के म्हणजे नऊ हजार. वयानुसार ठरलेला गुणक तीस वर्षांसाठी २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० आणि त्याचे ११ टक्के म्हणजे सुमारे २,०५,९०० रुपये. वैद्यकीय खर्च वेगळा. महिनाभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

विमा कायद्याने हिशेब वेगळा होतो. रोजच्या ५४० रुपयांचे ११ टक्के म्हणजे ५९ रुपये ४० पैसे, महिन्याला सुमारे १,७८० रुपये, आणि तेही आयुष्यभर. ठेकेदाराचे चाळीस हजार या हिशेबाने दोन वर्षांच्या आतच संपतात, आणि आपला भाऊ तीस वर्षांचा आहे.

स्टॅम्पपेपरची भीती बाळगू नका. विम्याचा लाभ खाजगी कराराने सोडून देता येत नाही. १९२३ च्या कायद्यातही भरपाईचा हक्क सोडण्याचा करार रद्दबातल असतो, आणि तडजोड झाली तर तिची भरपाई आयुक्तांकडे नोंद व्हावी लागते. पण सही केल्यास त्या कागदातील हकिकत तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, आणि तिथे पुन्हा "दारात बोट सापडले" असेच लिहिलेले असणार. म्हणून सही नको.

मुलुंडची_मनीषा (६ सप्टेंबर, सकाळी ८.५५)

माझ्या वडिलांचा अनुभव सांगते. ते छपाईच्या कारखान्यात होते, हात रोलरमध्ये गेला आणि तीन बोटांची हालचाल कायमची कमी झाली. बोटे जागेवरच होती, आणि म्हणूनच त्रास झाला. परिशिष्टात तुटलेल्या अवयवांची टक्केवारी लिहिलेली आहे, आखडलेल्या बोटांची नाही. अपंगत्वाचा टक्का ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे ते गेले तेव्हा डॉक्टरांनी हात उघडा, मिटा, असे सांगितले आणि काही मिनिटांत आटोपले. बोर्डाने दिलेला टक्का इतका कमी होता की वडील काही बोललेच नाहीत. नंतर आम्ही अपील केले. त्या वेळी फिजिओथेरपीचे जुने कागद, पकड किती उरली आहे याची मोजणी आणि वडिलांचे काम नेमके काय होते याचे लेखी वर्णन जोडले. टक्का वाढला.

माझा सल्ला एवढाच की बोर्डापुढे जाताना "दुखते" असे सांगण्यापेक्षा काय करता येत नाही ते सांगावे. तर्जनी नसताना स्क्रू धरता येतो का, पाना फिरवता येतो का, गेज लावता येतो का, असे कामाच्या भाषेत. आणि वडीलधाऱ्यांना एकटे पाठवू नये. आमच्या पिढीतले वडील डॉक्टरांनी "बरे आहे ना?" विचारले की "हो साहेब" म्हणतात.

वकील_करवीर (६ सप्टेंबर, १०.२०)

मनीषाताईंचा मुद्दा फार मोलाचा आहे. १९२३ च्या कायद्याखालील प्रताप नारायण सिंह देव या १९७५ च्या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्या कमाईची क्षमता पूर्णच गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. अवयवाकडे न पाहता त्या अवयवाने चालणाऱ्या कामाकडे पाहायचे, ही दृष्टी तिथून आली.

श्टुटगार्टवासी (६ सप्टेंबर, दुपारी ४.१०)

मी इथे यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात आहे. जर्मनीत अपघात विम्याची संपूर्ण वर्गणी मालकच भरतो, आणि कामावर इजा झाली की अपघात विम्याने मान्यता दिलेल्या ठरावीक डॉक्टरकडेच पाठवले जाते. अहवाल थेट विमा संस्थेकडे जातो, त्यामुळे हकिकत सांगायला सुपरवायझर मध्ये येत नाही. पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि त्यानंतर विम्याकडून साधारण ८० टक्के मिळतात. कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात येतो. भारतात तसे आहे का?

खडूस (६ सप्टेंबर, ४.१६)

भारतात जाता-येता खड्डाही येतो. तो कोणत्या कायद्यात बसतो, हे वकीलसाहेब सांगतील.

वकील_करवीर (६ सप्टेंबर, ५.४५)

खड्ड्याचे महापालिकेला विचारा. प्रवासाचे सांगतो. विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई आले, आणि घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असल्यास, कामावरील अपघात मानला जाऊ लागला. १९२३ च्या कायद्यात असे कलम नव्हते. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश पुन्हा कायम केला. कलम ५१-ई चा अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लावावा, असे त्यात म्हटले आहे. निकाल योग्यच आहे, पण त्या घरात तोवर बावीस वर्षे गेली होती.

रानवारा (६ सप्टेंबर, रात्री ९.००)

आमच्याकडे मळणी यंत्रात हात गेलेले मजूर पाहिले आहेत. त्यांच्यासाठी यातले काहीच नाही का?

निवृत्त_विमाकर्मी (७ सप्टेंबर, सकाळी ७.१५)

विमा योजना तिथे पोहोचत नाही. जखमी स्वतः शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अर्ज करता येतो. रोजंदारीवरील मजुराची अडचण खरी आहे. यंत्रावर काम करताना इजा झाली असेल, तर यंत्राच्या मालकाविरुद्ध १९२३ च्या कायद्याखाली दावा होऊ शकतो, आणि त्याची मुदत दोन वर्षांची असते. बांधकाम मजुरांसाठी राज्याचे वेगळे कल्याणकारी मंडळ आहे, पण तिथे अपघाताआधी नोंदणी असावी लागते. मूळ प्रश्नाकडे वळू या. चाकणकर, पुढे काय झाले?

चाकणकर (२१ सप्टेंबर, रात्री १०.३०)

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. सही केली नाही. जखम आता स्वच्छ आहे. काळा पडलेला भाग डॉक्टरांनी काढून टाकला आणि व्यायाम सुरू झाला आहे. रुग्णालयाने पुरवणी नोंद करण्यास आधी खळखळ केली, पण लेखी अर्ज दिल्यावर केली.

शाखा कार्यालयात गेलो तेव्हा वेगळेच निघाले. भावाचा विमा क्रमांक आहे, परंतु तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तयार केलेला आहे! पगारपट्टीवर मात्र वर्षभरापासून कपात दिसते. तिथल्या अधिकाऱ्यांनी चौकशी करावी लागेल असे सांगितले आणि अपघाताआधी तो तिथे नोकरीला होता याचा पुरावा मागितला.

निवृत्त_विमाकर्मी (२२ सप्टेंबर, सकाळी ७.०५)

यात आश्चर्य काही नाही. गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यात जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेनेही हेच वारंवार नोंदवले आहे की बहुतेकांच्या हाती विम्याचे कार्ड अपघातानंतरच पडते. चौकशीला घाबरू नका, ती तुमच्या बाजूने जाईल. बँक पासबुकातील पगाराच्या नोंदी, पगारपट्ट्या, गेटपास, पाळीच्या नियोजनाचे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप संदेश आणि दोन सहकाऱ्यांचे लेखी जबाब जोडा. कापलेली वर्गणी भरली नसेल तर ती मालकाची स्वतंत्र कसूर आहे, तिची तक्रार प्रादेशिक कार्यालयाकडे वेगळ्या अर्जाने करा. एकाच अर्जात सगळे घातले की तो अर्ज टेबलांवर फिरत राहतो.

लघुउद्योजक_भोसरी (२२ सप्टेंबर, ९.५०)

वर्षभर कपात करून भरायची नाही, याचे समर्थन मी करणार नाही. अशा लोकांमुळे आमच्याकडेही संशयाने पाहिले जाते. चाकणकर, मूळ कंपनीच्या मालकाला थेट पत्र द्या, फक्त ठेकेदाराशी बोलू नका. जबाबदारी आपल्यावर येणार हे कळले की मालक ठेकेदाराला कामाला लावतो. हे मी मालक म्हणूनच सांगतो.

चाकणकर (१४ डिसेंबर, सायंकाळी ७.२०)

धागा वर काढतो आहे. नोकरीचा पुरावा मान्य झाला आणि तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे खात्यात आले. मेडिकल बोर्डाची तारीख यायची आहे. मध्यंतरी नवे कामगार कायदे आले असे ऐकले. त्याने भावाचा हक्क बुडतो का? आणि ठेकेदाराने "उद्यापासून येऊ नकोस" असे सांगितले तर?

वकील_करवीर (१४ डिसेंबर, रात्री ९.४५)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून १९२३ आणि १९४८ चे हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. प्रवासातील अपघाताची तरतूद आता संहितेच्या भरपाईविषयीच्या भागातही स्पष्टपणे आली आहे. आपल्या भावाचा अपघात ऑगस्टमधील आहे, त्यामुळे त्याचा हक्क अपघाताच्या दिवशी असलेल्या कायद्यानुसारच पाहिला जावा, असे माझे मत आहे. बोर्डाचा अर्ज जुन्या कलमांचा उल्लेख करूनच राहू द्या.

तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही. म्हणून फिटनेस मिळाल्याच्या दिवशीच प्रमाणपत्राच्या प्रतीसह कामावर रुजू होण्याचा अर्ज मूळ मालक आणि ठेकेदार दोघांनाही लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नाकारली तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा. घेतले नाही, तर पुढचा वाद कामावरून काढण्याचा असेल. तो विम्याच्या कागदांत मिसळू नका, त्यासाठी वेगळी फाईल करा.

मुलुंडची_मनीषा (१४ डिसेंबर, १०.१०)

बोर्डाच्या दिवशी सोबत कोणीतरी जा. आणि त्याला आधीच बजावून ठेवा की "हो साहेब" म्हणायचे नाही.